दस्त्याचं माप

लष्कराचा माणूस विमानातून उतरला तो चौदा नव्या बंदुका आणि एक यादी घेऊन. नव्या बंदुकांचे दस्ते लाल. लाल म्हणजे अगदी लिपस्टिकसारखे लाल. मी म्हटलं, "अस्वलाला लांबूनच दिसावं, पळायला वेळ मिळावा, म्हणून का?" बाकीचे रेंजर, म्हणजे उत्तरेच्या बर्फात लष्करासाठी पहारा देणारे आम्हीच गावकरी, हसले. तो हसला नाही, कारण त्याला आमची भाषा कुठे येत होती! त्यानं यादी पुढे सरकवली. जुन्या बंदुका परत करा, नाहीतर सही करून स्वतःकडे ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली.

अशी माझ्या भावाची बंदूक कागदावर माझी झाली. कागदावर म्हणतोय हं, लक्षात घ्या.

भाऊ म्हणजे नौयाक. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचतील की काय असे लांब. त्याला लष्करानं ही बंदूक दिली तेव्हाच ती जुनी होती, महायुद्धाच्या काळातली. दस्ता त्याच्या हाताला लागेल असा मुद्दाम लांबातला शोधून दिलेला. पंचवीस वर्षं त्यानं ती वापरली. मग चौदा वर्षांपूर्वीच्या वसंतात दवाखान्याचं विमान त्याला दक्षिणेला घेऊन गेलं. वहिनीला त्या विमानात जागा नव्हती, आणि पुढचं विमान वादळानं आलंच नाही. मग आज जाऊ उद्या जाऊ करता करता चार महिने गेले आणि नौयाक बंद पेटीत परत आला. पेटी उघडू नका, असं सांगितलेलं होतं. बंदूक लष्कराची, म्हणून यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेली. पुढचा माणूस मी.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मीकाला मुलगी झाली. लीटियावहिनी गेली, बाळ मांडीवर घेतलं आणि तिला नौयाक नाव दिलं. आमच्यात नाव म्हणजे नुसती हाक मारायची सोय नाही. नाव आलं की माणूस आला. तेव्हापासून ती पोरगी वहिनीचा नवरा आहे आणि माझा थोरला भाऊ आहे. यात कोणी हसत नाही, आणि हसलं तर वहिनी त्याच्या घरी वर्षभर जात नाही.

तुम्ही आमच्या रस्त्यानं सकाळी गेलात तर ऐकाल. सत्तरी ओलांडलेली म्हातारी दारात उभी राहून तेरा वर्षांच्या पोरीला ओरडत असते, "अहो, टोपी घाला! अहो, दप्तर विसरलात!" आणि पोरगी कानात इयरफोन घालून तशीच पुढे. चार वर्षांची होती तेव्हा माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "अरे मोसेसी, बिस्कीट दे." मी साठीला टेकलेला माणूस, मुकाट्यानं डबा पुढे केला. थोरल्या भावाला नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगतो, बरं वाटायचं. दादा गेल्यावर मला अरे म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं.

तर सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी हजर. मागे पोरगी, मान खाली.

"भाऊजी, ह्यांची बंदूक आता लष्कराची नाही ना?"

"नाही, वहिनी."

"मग ह्यांना द्या. ईस्टरच्या खेळात हे नेमबाजीत उभे राहणार आहेत. मी सगळ्यांना सांगून आलेय."

मी पोरीकडे पाहिलं. ती बुटाच्या टोकानं बर्फ उकरत होती. मी म्हटलं, "देतो की. पण दस्त्याची अवस्था बघा. तडे, खड्डे, काळाकुट्ट. लाकूड साफ करून, तेल पाजून देतो. तीन आठवडे लागतील."

"द्या करून. अगदी होता तसा करा," वहिनी म्हणाली आणि चहा न घेता गेली. ही गोष्ट आमच्याकडे फार क्वचित होते.

पोरगी मात्र मागे राहिली. माझ्या कारखान्यात, म्हणजे जिथे मी स्लेज बनवतो त्या लाकडी खोपटात, येऊन स्टोव्हपाशी बसली. मग म्हणाली, "आजोबा."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तेरा वर्षांत तिनं मला कधी आजोबा म्हटलं नव्हतं.

"आजोबा, मला ती बंदूक नकोय. तुम्हीच ठेवा."

"का गं?"

"आठवतंय ना, सप्टेंबरमध्ये?"

आठवत होतं. कॅरिबूंच्या शिकारीला आम्ही गेलो होतो, वहिनीही होती. मी माझी बंदूक तिच्या हाती दिली होती, दादाचीच ती. कॅरिबू इतका जवळ होता की दगड मारला तरी लागला असता. पण दस्ता एवढा लांब की पोरीचा हात घोड्यापर्यंत धड पोचेना. तो खांद्यात बसायच्या ऐवजी दंडावर टेकला. बार उडाला, दणका दंडाला बसला, मागचं लाकूड ओठावर आपटलं आणि रक्त आलं. कॅरिबू आरामात चालत गेला. वहिनी काही रागावली नाही. नुसती चकित होऊन म्हणाली, "असं कसं? तुमचा नेम तर कधी चुकत नव्हता!"

"सगळे तेच सांगतात," पोरगी म्हणाली. "त्याचा नेम चुकत नव्हता. त्याला थंडी वाजत नव्हती. तो कच्चं काळीज खायचा. तो कध्धीच रडला नाही. मला रडू येतं, आजोबा. मला काळीज आवडत नाही. मला माझं स्वतःचं काहीतरी चुकू दे ना!"

"अगं, पण..."

"मी सांगणार आहे तिला. बंदूक नको, आणि मला नौयाकही नाही व्हायचंय. आईनं ठेवलेलं दुसरं नाव आहे मला, रोडा. रोडा म्हणा म्हणावं मला."

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात, पोरीबाळी म्हणतातच काहीबाही. पण वहिनीनं नवरा शेवटचा पाहिला तो विमानाच्या खिडकीत. त्यानंतर तिच्या वाट्याला एक बंद पेटी आली आणि ही पोर आली. पोरीनं तोंडावर सांगितलं असतं, मी तुझा कोणी नव्हे, तर म्हातारी दुसऱ्यांदा विधवा झाली असती. आणि तेही भर ईस्टरच्या तोंडावर, सगळ्या गावाला सांगून झाल्यावर. आणि खोटं कशाला बोलू, माझाही भाऊ दुसऱ्यांदा गेला असता.

"एक कर," मी म्हटलं. "माझा दस्ता पुरा होईपर्यंत थांब. तेवढं कर माझ्यासाठी."

"मग काय होणारे?"

"ते मला माहीत असतं तर मी रेडिओवर हवामान सांगितलं असतं. थांब म्हटलं ना."

ती हसली नाही, पण हो म्हणाली.

कामाला लागलो. या बंदुकीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. आधी पुढचं लाकूड सोडवायचं, मग मागचं. उलटं केलं तर पुढचं तडकतं. आमच्या गावात तीन बंदुका अशा तडकल्यात आणि तिन्ही शहाण्यांनीच तडकवल्यात. मी मागची पितळी पट्टी काढली, आतला लांब स्क्रू सोडवला आणि दस्ता हातात घेतला. काळा ठिक्कर. सीलची चरबी, रक्त, स्किडूचं, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलचं, इंजिन ऑइल, सांडलेला चहा, सगळ्याचा थर बसलेला. वर एक सांधा, त्यावर दादानं सीलचं ओलं कातडं ताणून गुंडाळलेलं. वाळून ते इतकं घट्ट झालेलं की कापताना माझी सुरी दोनदा घसरली.

गरम पाणी आणि कपडे धुवायची पावडर घेऊन तीन दिवस घासत होतो. मग ऊलीपिकाची, म्हणजे माझ्या बायकोची, उलू पळवली. कातडी साफ करायची ती बायकांची अर्धगोल सुरी. लाकूड खरवडायला तिच्यासारखं हत्यार नाही. कारखान्यानं मारलेले बारीक शिक्के लाकडावर असतात, सँडपेपर मारला तर ते पुसून जातात. उलू त्यांच्या कडेकडेनं फिरवता येते. आतून अक्रोडाचं लाकूड निघालं, तांबूस, रेषारेषांचं. आमच्याकडे झाड नावाची वस्तूच नाही. मी पहिलं झाड पाहिलं ते पंचवीस वर्षांचा असताना, आणि त्याच्याखाली उभा राहायला मला भीती वाटली होती. पण लाकूड मला कळतं. ओला फडका ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की दबलेले खड्डे वाफेनं फुगून वर येतात, हे मी स्वतःच शोधून काढलंय. इस्त्रीही ऊलीपिकाचीच.

"अहो शहाणे," ऊलीपिका म्हणाली, "उलू झाली, इस्त्री झाली. आता माझी हाडं घ्या घासायला."

"हाडं मऊ झालीत तुझी, उपयोग नाही."

त्या दिवशी मला जेवण वाढलं, पण ताट असं आदळलं की सूप मिशीला लागलं.

मधल्या काळात मी वहिनीपाशी विषय काढून पाहिला. ती अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत सीलचं कातडं चौकटीवर ताणत होती. गावात तिच्यासारखी शिवणारी बाई नाही. टेप नाही, कागद नाही, माणसाकडे एकदा बघते आणि वीत लावते.

"वहिनी, दस्ता थोडा लांब आहे. दोन बोटं कापला तर दादाला जरा सोपं..."

तिनं सुई खाली ठेवली. "त्यांच्या मापाचा आहे तो."

"तेव्हाच्या."

"नवऱ्याची बंदूक कापायची? उद्या म्हणाल पाय कापा, पलंगात मावत नाहीत." आणि वर म्हणाली, "ते सीलचं तेल लावायचे दस्त्याला. तुम्ही दुकानातलं काहीतरी लावू नका."

"वहिनी, जवसाचं तेल वाळतं, लाकडात मुरतं. सीलचं तेल वाळत नाही हो. चिकट राहतं, वास मारतं."

"पंचवीस वर्षं मी त्या वासाशेजारी झोपले, भाऊजी. मला सांगता?"

वास्तविक दादा मुद्दाम तेलबिल काही लावत नसे. सील सोलून हात न धुता बंदूक उचलायचा, एवढीच त्याची विद्या. पण ते मी विधवेला सांगायचं? आधीच कापण्यावरून झापलं होतं, म्हणून निदान तेलावरून तरी मान तुकवली. चूक इथेच झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वहिनीनं बरणी दिली ती मागच्या उन्हाळ्यातल्या तेलाची, चांगलं मुरलेलं. मी मागच्या दस्त्याला हातानं चोळून चोळून लावलं. लाकूड असं प्यायलं की बघत राहावं. खोपटातला स्टोव्ह विझवला होता, म्हणून दस्ता घरात आणून ठेवला. ऊलीपिका नाकाला हात लावून उठली.

"हे नाहीतर मी. एकच राहील घरात."

मी क्षणभर विचार केला, तेही तिला आवडलं नाही. मग दस्ता बाहेर ओट्याच्या खुंटीला दोरीनं बांधून ठेवला. एप्रिलचं ऊन होतं, वाळेल असं मनाला समजावलं. सीलचं तेल वाळत नाही हे मीच दोन दिवसांपूर्वी वहिनीला शिकवलं होतं!

स्लेज ओढणारी माझी कुत्री सगळी साखळीला असतात. एक पामिऊक सोडून. ती पुढारी कुत्री, म्हातारी झालीय, शहाणी आहे, म्हणून तिला मोकळी ठेवतो. शहाणी! दुपारी चहा पिऊन बाहेर आलो तर खुंटीची दोरी तुटलेली आणि पामिऊक ओट्याखाली दोन पायांत दस्ता धरून, डोळे मिटून, समाधानानं चघळत बसलेली. मुरलेल्या सीलचा वास. तिचा तरी काय दोष? तिच्या जागी मी असतो तर मीही खाल्लं असतं.

ओरडलो तेव्हा तिनं शेपूट हलवली. दस्ता ओढून घेतला. मागचं टोक, जिथे पट्टी बसते ते, तीन बोटं साफ कुरतडलेलं. ढलप्या निघालेल्या, दातांच्या खाचा. कपाळ माझं! लष्कराला सत्तर वर्षांत जमलं नाही, अस्वलांना जमलं नाही, ते माझ्याच कुत्रीनं एका दुपारी केलं. मी तिथेच बर्फात बसलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ऊलीपिका बाहेर आली, पाहिलं आणि तोंडाला पदर नसल्यानं हातमोजा लावून हसली. मग माझा चेहरा बघून थांबली.

"वहिनींना सांगा आत्ताच."

"आत्ता नको. दक्षिणेत जुन्या बंदुकांचा एक दुकानदार आहे. तसाच लांब दस्ता मागवतो. काळा करतो, कातडं गुंडाळतो. तिला कळणारही नाही."

"तिला? जिला टोपीतला एक टाका उलटा पडला तर रस्त्याच्या पलीकडून दिसतो, तिला?"

"मग दुसरं लाकूड जोडतो मागे."

"जोडा. तुम्हाला जे जोडायचं ते जोडा. पण खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, हे तिलाही माहीत आहे."

दोन दिवस मी खोपटात बसून जोड देण्याचा विचार करत होतो. स्लेजच्या फळीचा तुकडा लावून पाहिला, पाइनचा, पांढराफटक. अक्रोडाला पाइन म्हणजे फरच्या पार्का-कोटाला प्लास्टिकची पिशवी शिवल्यासारखं. आणि जोड दिला की दस्ता पुन्हा तेवढाच लांब. पोरगी पुन्हा ओठ फोडून घेणार आणि ईस्टरच्या आधी जाऊन म्हातारीला सांगणार, मला रोडा म्हण. न जोडता कापला तर पोरीला बसेल, पण वहिनी म्हणेल, शेवटी तुम्ही केलंतच ना तुमच्या मनासारखं, वर कुत्रीवर ढकललंत. कुठूनही पाहिलं तरी मारच. असं डोकं धरून बसलेलो असताना दार उघडून पोरगी आत आली, शाळेतून सरळ.

"झाला दस्ता?"

मी तो पुढे केला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला आणि दातांच्या खाचांवरून बोट फिरवलं. मग जी हसायला लागली! स्टोव्हला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना मी सप्टेंबरपासून पाहिलं नव्हतं.

"पामिऊकनं नौयाकला खाल्लं!"

"हळू बोल. तुझी बायको ऐकेल."

आणि बायको ऐकतच होती. वहिनी दारात उभी होती. पोरीच्या मागे मागे आली असणार, हातात गरम बॅनक रोट्यांची पिशवी. तिची नजर पोरीच्या हातातल्या दस्त्यावर गेली. पोरगी हसायची थांबली. मी उठून उभा राहिलो. या वयात आणि एवढा पोटाचा घेर असूनही मला वाटलं, आता कान धरणार ही.

वहिनीनं पिशवी ठेवली, दस्ता घेतला, खिडकीपाशी नेला.

"कुणी केलं?"

"पामिऊकनं."

"तेलामुळे?"

मी बाकावरचा भुसा हातानं झाडू लागलो.

"तेलामुळेच," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून लावलंत."

"वहिनी, चूक माझी आहे. बाहेर मी ठेवला. मी नवा मागवतो, असाच लांब, पुढच्या विमानानं..."

"नव्याला काय करू? ह्यांचा हात लागलाय का नव्याला?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ती दस्त्याच्या कुरतडलेल्या टोकाला हाताचा तळवा लावून उभी राहिली, आपण पोराच्या फुटलेल्या गुडघ्याला लावतो तसा. "जोड देता येईल?"

"येईल," मी म्हटलं. माझे कान लाल झाले असावेत. "पण वहिनी..."

मी पोरीकडे पाहिलं. हीच वेळ होती, हे तिलाही कळलं होतं. तोंड उघडून ती आता काय बोलणार ते मला माहीत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हतो. थांबायचं कबूल केलेलं तिनं पुरं केलं होतं. दस्ता पुरा झाला होता. पार पुरा झाला होता!

"लीटिया," पोरगी म्हणाली आणि थांबली. वहिनीनं वळून पाहिलं. काय सांगू तुम्हाला, म्हातारीचा चेहरा असा होता की माझ्यासारख्यालाही बघवेना. पोरीनं उजवा हात पुढे केला. "अगं लीटिया, माझा हात पोचत नाही."

"पोचत होता."

"तेव्हा पोचत होता. आता नाही पोचत गं."

वहिनी बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, स्टोव्हवरची किटली उकळून झाकण उडवायला लागली तेवढा वेळ. मी ती उतरवली नाही. मग वहिनीनं दस्ता बाकावर ठेवला, हातमोजे काढले आणि पोरीचा उजवा हात धरला. कोपरात वाकवला. कोपरापासून मनगटापर्यंत वीत लावली. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत चार बोटं. खांदे चाचपले, एक, मग दुसरा. मान. पाठ. दंडावर हात आला तेव्हा तिनं अंगठा आणि बोट मिळवून पाहिलं आणि ते जवळजवळ मिळालं.

"किती बारीक झालात हो तुम्ही," ती म्हणाली.

वहिनीनं दंड पुन्हा चाचपला.

"तिकडे काही खायला घालत नव्हते का?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी कशाला काय सांगणार, मी मेला माझे बूट बघत होतो. दादा दक्षिणेत चार महिने काय जेवला, त्याला कोणी विचारलं का, तो रात्री कोणाशी बोलला, यातलं काहीही आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही. चौदा वर्षं आम्ही कोणी ते तोंडावर आणलं नव्हतं.

"सगळं उकडलेलं असायचं," पोरगी हळूच म्हणाली. "चरबी नाही, काही नाही. मी टाकून द्यायचे."

"तरी मी म्हणत होते." वहिनी तिचा दंड सोडत नव्हती. "मी येणार होते हो. वादळ होतं. तीनदा पिशवी भरून विमानतळावर जाऊन बसले."

"माहीत आहे मला."

"दुखलं का फार?"

पोरगी तेरा वर्षांची. तिनं ह्यातलं काय पाहिलं होतं? तिनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं आणि बोलू नये असंही वाटत होतं. ती म्हातारीच्या हाताकडे बघत राहिली.

"आधी दुखलं," ती म्हणाली. "मग थांबलं."

वहिनीनं मान हलवली, एकदा, दोनदा. तोंडातून आवाज काढला नाही, पण डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली पार्क्यावर पडलं ते तिनं पुसलंही नाही. मग तिनं दस्ता उचलून पोरीच्या कोपराच्या बेचक्यात टेकवला, पोरीचं बोट जिथे घोडा येईल तिथपर्यंत लांब केलं आणि कुरतडलेल्या भागाच्या जरा पुढे, चांगल्या लाकडावर, अंगठ्याचं नख दाबून खूण केली.

"इथे," ती म्हणाली. "इथे कापा, भाऊजी."